आधी आभार, मग मासा

मंगळवारी सकाळी तहसीलदार उलटे झाले.

तहसीलदार म्हणजे सहदेव बोरकरांचा सोनेरी मासा. गाल फुगवून, समोरच्याकडे न बघता, टाकीत एका जागी बसून राहण्याची त्याची पद्धत पाहून बोरकरांनी त्याला हे पद दिलं होतं. बोरकर वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले. माणसांशी बोलायचं म्हटलं की ते रस्ता बदलायचे. ठाण्याच्या कोपरीतल्या आपल्या दोन खोल्यांत ते मोकळेपणाने बोलत ते तहसीलदारांशीच. बायकोशी बोलण्यात धोका असा, की ती उत्तर देते.

आणि आता तहसीलदार पोट वर करून तरंगत होते. मेले नव्हते. कल्ले हलत होते, डोळे उघडे होते आणि त्या डोळ्यांत कामकाज सुरळीत चालू असल्याचा भाव होता.

"मेला का?" मटार सोलता सोलता सरस्वतीबाईंनी आतून विचारलं.

"नाही गं. उलटा झालाय."

"मग सुलटा करा."

बोरकरांनी बोटाने हळूच सुलटा केला. तहसीलदार क्षणभर सुलटे राहिले आणि पुन्हा मूळ भूमिकेवर आले.

फोनवर 'काचेतले सवंगडी' नावाचा ग्रुप होता. ठाण्यापासून कल्याणपर्यंतची मासे पाळणारी मंडळी त्यात होती. आपण काही विचारलं तर लोक काय म्हणतील, या भीतीने बोरकरांनी तिथे आजवर चकार शब्द काढला नव्हता. पण प्रश्न जिवाचा होता. त्यांनी लिहिलं, "माझा मासा उलटा पोहत आहे. काय करावे?"

उत्तर तत्काळ आलं. "काका, सुप्रभात. मासा नंतर. आधी अॅडमिन सर! ग्रुप काय आपोआप चालतो का?"

हे उत्तर डोंबिवलीच्या विनिताताईंचं होतं. ग्रुप काढला होता ठाकुर्लीच्या रत्नदीपने. एकदा सगळा रविवार लोकांच्या माशांच्या दुखण्यांत घालवल्यावर त्या मुलाने सहज लिहिलं होतं, "कधीतरी कोणी थँक्यू म्हटलं की बरं वाटतं." या वाक्याने ग्रुप हादरला. त्याच आठवड्यात शिष्टाचार समिती स्थापन झाली आणि विनिताताई तिच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या स्वतःच्या टाकीत मासे प्लॅस्टिकचे होते, कारण खरे मासे घाण करतात. समितीने ठरवलं, की प्रत्येक प्रश्नापूर्वी अॅडमिन सरांचे पुरेसे आभार मानले जावेत.

बोरकरांनी घाईघाईने "धन्यवाद" लिहिलं.

"काका, एका शब्दात?" विनिताताईंनी विचारलं. "एका शब्दात घाई दिसते, आणि घाईत स्वार्थ दिसतो."

बोरकरांनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं.

"ते श्रद्धांजलीलाही टाकतात. आपले सर हयात आहेत."

बोरकर ओशाळले. आयुष्यभर पुस्तकं वाचून आपल्याला साधे आभार मानता येत नाहीत, असं त्यांना वाटलं. टाकीशेजारी खुर्ची ओढून त्यांनी मजकूर लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी पाठवला तो असा: "मासा कधी पाण्याचे आभार मानत नाही, कारण पाणी आहे हेच त्याला ठाऊक नसते. रत्नदीपजी, आपण आमचे पाणी आहात."

ग्रुपवर कौतुकाचा पूर आला. समितीने हा मजकूर 'आदर्श आभार' म्हणून ग्रुपच्या माथ्यावर लावला. नियमानुसार प्रत्येक कौतुकाचे स्वतंत्र आभार मानणं क्रमप्राप्त होतं. दिवस त्यातच मावळला. बुधवारी बोरकरांनी भीतभीत पुन्हा माशाचा विषय काढला.

"काका, ते आभार कालचे ना?" विनिताताईंनी लिहिलं. "शिळे चालत नाहीत. आणि तुमच्यासारख्या माणसाकडून आता त्याहून वरच्या दर्जाची अपेक्षा आहे."

टाकीत तहसीलदार छताकडे पोट करून फायली तुंबवल्यासारखे स्वस्थ होते.

इतक्यात कळव्याहून मितेश नावाच्या तरुणाचा फोन आला. "काका, प्लीज यार, मला पण तसं काहीतरी लिहून द्या ना. मी ऑफिसमधून आलेलो, बघतो तर टाकीला तडा. पाणी सोफ्याखाली गेलंय. विचारलं कशाने चिकटवू, तर बोलतात आधी सरांबद्दल काहीतरी भावपूर्ण लिही."

"मग तुम्ही काय लिहिलंत?"

"लिहिलं ना, सर तुम्ही ग्रेट आहात. रिजेक्ट केलं, काका! भाव नाही बोलले. आता पाणी खालच्या मजल्यावर पोचलंय, तिथून मात्र फुल भावपूर्ण बोलतायत."

बोरकरांना नाही म्हणता येत नसे. त्यांनी मितेशला आभार लिहून दिले. ही बातमी फुटली आणि ठाणे ते कल्याण, जिथे जिथे मासा आजारी होता, तिथून फोन सुरू झाले. गुरुवारी समितीने त्यांची 'आभार समन्वयक' या पदावर नेमणूक केली. पद मानाचं असल्यामुळे पदावरील व्यक्तीने स्वतःच्या माशाबद्दल विचारणं हा हितसंबंधांचा संघर्ष ठरत होता.

आश्चर्य म्हणजे इतका आदर होऊनही ज्याच्याकडे उत्तरं होती तो रत्नदीप माशांबद्दल गप्प होता. त्याचं कारण प्रशासकीय होतं. सरांनी उत्तर दिलं नाही तर आभार मानणाऱ्याचा अवमान होतो, असं समितीने ठरवलं होतं. त्यामुळे रत्नदीप कामावरून आला की "आपले मनःपूर्वक आभार" असं झोप येईपर्यंत लिहीत बसे. एका गृहस्थांचा दिवाळीतला प्रश्न अजून रांगेत होता. मासा केव्हाच गेला होता, पण आपला नंबर जाऊ नये म्हणून ते रोज आभार मानत होते.

रविवारी डोंबिवलीत अॅडमिन सरांचा जाहीर सत्कार ठरला. मानपत्र अर्थातच बोरकर वाचणार.

"एवढ्या माणसांपुढे मी?" बोरकर हादरले.

"जा," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तो मुलगा समोर असेल ना? सरळ विचारा त्याला. मासा काय दर वेळी उलटा होत नाही."

कार्यक्रमाला सगळे होते. मासे तेवढे नव्हते. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांच्या मागे एक किडकिडीत मुलगा बसला होता. बोरकरांनी मानपत्र वाचलं, टाळ्या झाल्या आणि ते देताना त्यांनी आयुष्यातलं सर्वांत मोठं धाडस केलं. वाकून ते कुजबुजले, "माझा मासा उलटा पोहतोय हो."

मुलाचा चेहरा दिवा लागावा तसा उजळला. "गोल्डफिश? पोट फुगलंय? खातोय का? काका, पहिले दोन-तीन दिवस उपाशी ठेवा, मग मटारचा दाणा उकडून, साल काढून, बारीक तुकडा द्या. पोट साफ झालं की बहुतेक सुलटा होतो! पाणी कधी बदललेलं? आणि काका, त्याचं नाव काय?"

"तहसीलदार."

रत्नदीप इतक्या मोठ्याने हसला की श्रीफळ मांडीवरून घरंगळलं. "काका, किती महिन्यांनी कोणी माझ्याशी माशाबद्दल बोललं! मी ग्रुप त्याच्यासाठीच काढलेला ना. माझे तर मी मित्राला देऊन टाकले. बघायला वेळच नाही मिळायचा."

"बोरकरकाका!" विनिताताई माइकवरून म्हणाल्या. "सरांना वैयक्तिक कामं सांगून त्रास देऊ नये, ही नम्र विनंती."

बोरकर घरी धावत आले. "तहसीलदारांना दोन-तीन दिवस उपाशी ठेवायचंय, मग उकडलेला मटार!"

"मंगळवारपासून उपाशीच आहे की," सरस्वतीबाई म्हणाल्या. "मला वाटलं तुम्ही घालताय."

"मला वाटलं तू."

दोघांनी टाकीकडे पाहिलं. मग सरस्वतीबाई उठल्या आणि उसळीतला, फोडणीआधी बाजूला काढलेला एक दाणा घेऊन आल्या.

सोमवारी सकाळी तहसीलदार सुलटे होते, गाल फुगवून, कुणाकडेही न बघता. बोरकरांनी लगेच ग्रुपवर लिहिलं, "उलट्या माशाला उपवासानंतर उकडलेल्या मटारचा सोललेला तुकडा द्यावा." आभारांविना पाठवलेला हा मजकूर समितीने काढून टाकला आणि समन्वयकांना पदमुक्त केलं. रत्नदीपने मात्र तो काढण्याआधी वाचला होता. त्याचा फोन आला. "काका, सुलटा झाला ना? मी येऊ का बघायला?"

तो आला. टाकीसमोर बसून त्याने उसळ खाल्ली, तहसीलदारांशी गप्पा मारल्या आणि तिथेच फोन काढून स्वतःच्या ग्रुपमधून बाहेर पडला.

याला आता बरेच दिवस झाले. रत्नदीप ग्रुपमध्ये नाही हे तिथे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. त्याचे आभार रोज सकाळी नियमाने मानले जातात आणि उत्तर येत नाही म्हणजे आभार कमी पडले, असं समजून त्यांचा दर्जा सतत उंचावला जातो आहे.

आपण हसलात. हरकत नाही. आपणही अशा एखाद्या ग्रुपात असालच, आणि आज सकाळी तिथे हात जोडले असतीलच. तो ग्रुप चालवणाऱ्याचं नाव सांगा पाहू.

फोन खाली ठेवा. बघून सांगायचं नाही.