डेल्बर्टचे एकशे चव्वेचाळीस खिळे

"बर्फावर गाडी कशी चालवायची हे मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय," असं डेल्बर्ट बर्जरॉन पोस्टाच्या खिडकीपाशी चारचौघांत म्हणाला. त्याच सकाळी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या इस्पितळातून त्याच्या वहिनीचा, आर्लीनचा, फोन आला होता. क्लिफर्डचे, म्हणजे डेल्बर्टच्या थोरल्या भावाचे, दोन दिवस उरलेत, फार तर तीन. आणि क्लिफर्डने अकरा वर्षांत पहिल्यांदा धाकट्याचं नाव काढलं होतं.

आता आमचं बेट लेक सुपीरियरमध्ये, किनाऱ्यापासून सात मैल. हिवाळ्यात बोट बंद. नाताळ संपला की घरोघरची झाडं गोळा करायची, गोठलेल्या सरोवरावर ओळीने रोवायची आणि त्या ओळीच्या कडेकडेने स्नोमोबिलवरून, म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे फिरता रबरी पट्टा असलेल्या गाडीवरून, ये-जा करायची, अशी आमची वाट. कुठलं झाड कुणाच्या घरचं हे आम्ही लांबून सांगतो. एखाद्यावर चमकी राहिलेली असते, एखाद्यावर चुकून राहिलेला मोजा. पण त्या आठवड्यात पाऊस पडला आणि पडल्या जागी गोठला. वाटेवर माशी बसली असती तरी घसरली असती. विमान तर उडतच नव्हतं. दरवर्षी वाट आखणाऱ्या वेंडेलने वाटेच्या तोंडाशी आडवी दोरी बांधून टाकली.

"माझ्या गाडीवर चल," वेंडेल डेल्बर्टला म्हणाला. "तासाभरात निघू. मागे बसायचं आणि गप्प राहायचं, एवढंच काम तुला."

"अकरा वर्षांनी भावासमोर जायचं, आणि ते तुझ्या पोटाला मिठी मारून?"

"भाऊ मरायला टेकलाय रे. तो काय बघणार आहे तू कशावरून आलास ते?"

"तू क्लिफला ओळखत नाहीस," डेल्बर्ट म्हणाला. "तो तेच बघेल."

हे मात्र खरं होतं. भांडण झालं होतं तेच मुळी गाडीवरून. बारा वर्षांपूर्वी एका वळणावर डेल्बर्टची गाडी वळलीच नाही. सरळ गेली आणि वेंडेलच्या मासे धरायच्या खोपटात घुसली. वेंडेल तेव्हा आत कॉफी पीत होता, तो वाचला. कॉफी वाचली नाही. पुढच्या नाताळात क्लिफर्डने धाकट्याला एक लांबट खोकं भेट दिलं. वरून चाचपूनच डेल्बर्टला कळलं की आत पुढच्या स्कींच्या तळाला लावायची, वळताना बर्फ धरणारी धारदार पोलादी पाती आहेत. सगळ्या नातेवाइकांसमोर आपली अक्कल काढली, असं त्याच्या मनाने घेतलं. खोकं न फोडताच तो उठला, घरी आला आणि ते रंगाच्या डब्यांखाली सारून मोकळा झाला. तेव्हापासून बोलणं बंद. एवढ्याशा गोष्टीवरून माणसं अकरा वर्षं घालवतात. आमच्या बेटावर तर सहज घालवतात, दुसरं करायला असतं काय?

तर डेल्बर्ट तडक लोरेनच्या दुकानात गेला. लोरेन चाळीस वर्षं खिळे, दोऱ्या आणि शेवया एकाच फळीवरून विकते आहे.

"पट्ट्याला ठोकायचे खिळे दे. बर्फ धरणारे."

"खिळे बसवलेला तयार पट्टाच घे ना. एक आलाय. दोन तासांत चढेल."

"तयार घ्यायला मला हात नाहीत का?"

"बरं. किती देऊ? लोक शहाण्णव घेतात."

"एकशे चव्वेचाळीस."

लोरेनने चष्म्यावरून बघितलं. "भिंतीवर चढणार आहेस का? आणि लांबी? पट्ट्याच्या रबराच्या दात्यांपेक्षा थोडेसेच वर यायला हवेत. जास्त लांब घेतलेस तर वरचा पत्रा फाडतील."

"मला माहितीये."

"मग हेही माहिती असेल, मागे एवढी पकड दिलीस की पुढेही तेवढीच लागते. स्कींना पाती कुठली आहेत?"

"आहेत जुनी."

"जुनी म्हणजे किती जुनी?"

"लोरेन, मला खिळे हवेत, उलटतपासणी नकोय."

लोरेनने खिळे मोजून पिशवीत घातले आणि पुढे एक अक्षर बोलली नाही. आमच्याकडे माणूस ऐकत नसला की त्याला ऐकू येईल असं गप्प बसतात.

पडवीत हातपाय गोठायला लागले म्हणून डेल्बर्टने पट्टा काढून थेट स्वयंपाकघरात आणला. त्याची बायको रोझान सूप ढवळत होती. टेबलावर नऊ फुटी रबरी पट्टा पसरला, तेलाचा वास सुटला आणि भोकं पाडायचं यंत्र घरघरायला लागलं. एकेक भोक पाडायचं, आतून खिळा घालायचा, बाहेरून चकती आणि नट. एकशे चव्वेचाळीस वेळा. संध्याकाळी सुपात रबराचा एक चुरा निघाला.

"आज निघाला असतास तर आत्ता त्याच्या उशाशी असतास," रोझान म्हणाली.

"उद्या दुपारी असेन. ऐटीत."

"ते खोकं फोडलं असतंस एकदा."

"कुठलं खोकं?"

रोझानने ताटली जरा जोरातच आपटली.

दुसऱ्या दिवशी अकराला पट्टा चढला. पडवीची फरशी खिळ्यांनी खरवडली जाऊ नये म्हणून डेल्बर्टने गाडीखाली गालिचा अंथरला. गालिचा रोझानच्या आईचा, ती गोष्ट निराळी. त्याने गाडी सुरू केली, मूठ जराशी पिळली. गाडी जागची हलली नाही, पण गालिचा निघाला. खिळ्यांनी तो धरला, आत ओढला, वरून काढला आणि पिंजून मागच्या भिंतीवर फेकला. इंजिन बंद झालं तेव्हा डेल्बर्टच्या टोपीवर लोकरीची गुलाबी फुलं होती. दारात रोझान उभी होती.

"बघितलंस?" तो म्हणाला. "काय पकड आहे."

"जा तू," ती म्हणाली. "माझा राग तू परत आल्यावर काढते. क्लिफला माझा नमस्कार सांग."

दोरीखालून वाकून तो वाटेवर उतरला आणि पहिला मैल खरोखर दृष्ट लागावी असा गेला. दुसरा कुणी तिथे उभाही राहिला नसता. डेल्बर्ट मात्र सणसणत चालला होता आणि मनात भावाशी बोलत होता. आता बोल, म्हणत होता. आलो की नाही एकटा?

मग पहिलं वळण आलं. त्या वर्षी बर्फाला मोठी भेग पडली होती म्हणून वेंडेलने तिला वळसा घालून वाट आखली होती. डेल्बर्टने हँडल वळवलं. स्की वळल्या. गाडी सरळच गेली. मागचे एकशे चव्वेचाळीस खिळे पुढे रेटत होते आणि पुढच्या झिजलेल्या पात्यांना बर्फावर ओरखडाही काढता येत नव्हता. फादर गिल्बर्टच्या घरचं झाड आडवं झालं, त्याच्या पुढचं शाळेचं झाड पट्ट्याखाली जाऊन कोशिंबीर होऊन मागे उडालं. डेल्बर्टने ब्रेक दाबला. खिळ्यांनी तेवढं काम चोख केलं, गाडी जागच्या जागी थांबली. तिच्या नाकापासून चार हातांवर भेग होती आणि भेगेत काळं पाणी हलत होतं.

त्याने मूठ सोडली आणि त्या पाण्याकडे बघितलं. इथे बुडालो असतो तर दोन भाऊ एका आठवड्यात, आणि दुसरा निव्वळ मूर्खपणाने, हे त्याला अगदी स्वच्छ दिसलं. मग तो उतरला, बर्फावर गुडघे टेकले, स्कीखाली खांदा घातला आणि गाडीचं तोंड उचलून वळवलं. पुन्हा बसला, सरळ गेला. पुढचं वळण आलं. पुन्हा उतरला. अशी सात वळणं होती.

आता आमच्याकडे रीत अशी, की कुणी बर्फावर असला की किनाऱ्यावर कुणीतरी दुर्बीण लावून बसायचं, आणि घरोघरी रेडिओ चालू ठेवायचा. त्या दिवशी दुर्बिणीला वेंडेल होता.

"थांबला," वेंडेल रेडिओवर म्हणाला. "उतरलाय. गुडघ्यावर बसलाय."

"गुडघ्यावर?" लोरेनने दुकानातून विचारलं. "पडला की काय?"

"नाही. मान खाली घातलीये. उठला. निघाला." जरा वेळाने वेंडेलचा आवाज बदलला. "पुन्हा बसलाय गुडघ्यावर. दर वळणाला बसतोय गं."

रेडिओवर सगळं बेट ऐकत होतं. डेल्बर्ट बर्जरॉन चर्चमध्ये शेवटचा गेला होता तो स्वतःच्या लग्नाला, आणि तेव्हाही उशिरा. फादर गिल्बर्टनी रेडिओ हातात घेतला. "भावासाठी प्रार्थना करतोय तो," ते म्हणाले. त्यांनी तडक इस्पितळात फोन लावला, आणि मग दर वळणाला लावला. तिसऱ्या वळणापर्यंत बेटावरच्या बायका डोळे पुसत होत्या. पाचव्या वळणाला रोझानला तिघी जणी भेटायला आल्या, केक घेऊन. तिने केक ठेवून घेतला, पण बर्फावर खरं काय झालं असेल याची तिला अटकळ आली होती.

डेल्बर्ट तीन वाजता इस्पितळात पोचला. खांदा सुजलेला, पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. आर्लीन दाराशीच भेटली. तिने त्याला मिठी मारली आणि रडायला लागली.

"फादरनी सांगितलं मला. सातही वळणांवर, डेल्बर्ट. तू."

"काय सातही वळणांवर?"

"प्रार्थना केलीस म्हणे."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी डेल्बर्टबद्दल चांगलं बोलत होतं, आणि ते खोटं होतं.

"त्याला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सांगितलं ना. सकाळपासून डोळे उघडले नव्हते, ते उघडले. हसला, डेल्बर्ट. मला म्हणाला, 'प्रार्थना कसली? याने पुढची पाती लावलेली नाहीत.'"

खोलीत क्लिफर्ड पलंगावर होता. एवढा थोराड माणूस, चादरीखाली आहे की नाही कळू नये इतका उरला होता. वाटेत डेल्बर्टने बरंच काही घोकलं होतं. चुकलो, म्हणायचं होतं. अकरा वर्षं फुकट घालवली, म्हणायचं होतं. क्लिफर्डने आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग सावकाश फाटलेल्या गुडघ्यांकडे.

"लावली नाहीस," क्लिफर्ड म्हणाला.

"लावली होती," डेल्बर्ट म्हणाला. का म्हणाला ते त्याला आजही सांगता येत नाही. जन्माची सवय.

"खोटारडा."

एवढं बोलून क्लिफर्डने हात थोडा सरकवला. डेल्बर्टने तो धरला. हात तासभर त्याच्या हातात होता, पण बोलणं तेवढंच. काळोख पडायच्या आत क्लिफर्ड गेला.

आमच्या बेटाचा माणूस गेला की त्याला घरी आणायचं बर्फावरून, झाडांच्या कडेने, आणि मागे सगळ्या बेटाच्या गाड्या. जमीन मऊ होईपर्यंत कबरस्तानाच्या दगडी खोलीत ठेवायचं. शवपेटीची घसरगाडी ओढायचा मान घरच्या माणसाचा. तीन दिवसांनी वरून भुसभुशीत बर्फ पडला आणि वेंडेलने दोरी सोडली. डेल्बर्टने रोझानला फोन केला.

"येताना एक खोकं आण. रंगाच्या डब्यांच्या..."

"माहितीये कुठलं ते," ती म्हणाली.

इस्पितळामागच्या आवारात त्याने खोकं फोडलं. आत दोन पाती होती, ग्रीस लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि सगळे नट एका मोज्यात घालून गाठ मारलेले. मोजा क्लिफर्डचा होता. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. गाडी तीच होती, माप तंतोतंत बसलं.

पेटी जोडली आणि मिरवणूक निघाली. मागे चाळीसेक गाड्या. किनाऱ्याकडून पहिलं वळण आलं, डेल्बर्टने हँडल वळवलं आणि गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी वळली. पेटीला साधा धक्का बसला नाही. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. मेला तरी बरोबरच निघाला, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने गाडी थांबवली, उतरला आणि स्कीजवळ गुडघे टेकून मान खाली घालून बसला. मागच्या चाळीस गाड्या एकामागोमाग थांबल्या.

वेंडेल चालत पुढे आला. "काय झालं? पाती सैल झालीत का?"

"हो," डेल्बर्ट वर न बघता म्हणाला.

वेंडेल वाकला. नट हाताने चाचपून बघितला, चांगला घट्ट होता. त्याने खिशातून पाना काढला, नटाला लावला आणि उगाचच थोडा पिळला.

"झालं घट्ट," तो म्हणाला. "सावकाश निघ. अजून सहा वळणं आहेत, तिथेही सैल होतील."