मोटारीतला मुराळी

चिंचवडच्या एका न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक बसलं की खुर्ची त्याला आधी वीतभर वर उडवायची आणि मग नीट बसवून घ्यायची.

देहूरोडला एका भंगारवाल्याची म्हैस हॉर्न वाजवल्याशिवाय पान्हा सोडत नसे.

काळेवाडीच्या भजनी मंडळात असे दोन दिवे होते की त्यांच्या उजेडात टाळ चुकवणाऱ्याचं तोंड शेवटच्या ओळीतून दिसायचं. त्यामुळे मंडळातले तिघे भजन सोडून गेले.

चाकणला एक बैलगाडी होती, तिचा आवाजच येत नसे. मागून येऊन ती माणसाच्या पाठीला हुंगायची, तेव्हा कळायचं.

आणि मारुंजीला एक बाई नवं लुगडं नेसून, मांडीवर गाठोडं घेऊन, ओट्यावर बसली होती.

ह्या सगळ्या गोष्टी एकाच माणसाने एकाच दिवाळीत घडवून आणल्या. त्याचं नाव अर्जुन. राहणार काळेवाडी, कामाला चिंचवडला, मुंबई रस्त्यावरच्या ट्रकच्या वर्कशॉपमध्ये. हाताला ग्रीस आणि डोक्यात मोटार, एवढाच त्याचा संसार. बाकीचा संसार आई सांभाळायची.

*

सुरुवात दसऱ्याला झाली. अर्जुन सोनं द्यायला बहिणीच्या सासरी, मारुंजीला गेला होता. इंदूचा नवरा गेनू याला रेल्वेत नोकरी लागली होती, भुसावळला. दिवाळी झाली की बिऱ्हाड हलणार. घरून निघताना अर्जुनच्या आईने, सुभद्राबाईने बजावलं होतं, "ह्या दिवाळीला पोरीला चार दिस आण बाबा. एकदा ती भुसावळला गेली की मी म्हातारी कुठली जाते तिथं."

तेव्हा सून आपल्या पायाने माहेरी जात नसे. माहेरच्या माणसाने न्यायला यावं लागे. त्याला म्हणायचं मुराळी. मुराळी आला नाही तर सुनेची दिवाळी सासरच्या चुलीपुढे.

अर्जुनने आपट्याची पानं वाटली, पाणी प्यायला, आणि ओट्यावर बसलेल्या दहा माणसांच्या देखत म्हणाला, "ह्या टायमाला इंदूला मी मोटारीतून नेणार."

इंदूच्या सासूने, ठकुबाईने, सुपातलं धान्य पाखडायचं थांबवलं.

"कुणाच्या मोटारीतून?"

"माझ्या."

"चालती हाय का?"

"आवाज तर लई मोठा हाय," अर्जुन म्हणाला.

हे खरं होतं. कुणी एक साहेब देश सोडून जाताना आपली जुनी उघडी मोटार वर्कशॉपच्या अंगणात टाकून गेला होता. मालक वैतागून अर्जुनला म्हणाला, "जागा मोकळी कर, गाडी तुझी." बैल जुंपून त्याने ती काळेवाडीला आणली आणि तिला पुन्हा उभं करायला दोन पावसाळे घातले. पत्रा ठोकला, सीट शिवली, दिवे घासले. आता इंजिन सुरू व्हायचं, गाडी थरथरायची, धूर सोडायची, कोंबड्या छपरावर चढायच्या. फक्त ती जागची हलायची नाही.

"जागच्या जागी एवढं वरडायचं तर तुझी आत्या काय वाईट हुती?" सुभद्राबाई म्हणायची.

दोष होता पिनियनचा. पिनियन म्हणजे मुठीत मावेल एवढं दातेरी चाक. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत पोचवणं हे त्याचं काम. ह्या गाडीच्या पिनियनचे दात पडून पार बोळकं झालं होतं. नवं मिळायची सोय नव्हती, कारण ती गाडी बनवणारी विलायतेतली कंपनी लढाईच्या आधीच बंद पडली होती. कुठेतरी तसलीच दुसरी मेलेली गाडी शोधायची आणि तिच्या पोटातून ते काढायचं, एवढाच मार्ग.

दिवाळी अजून लांब आहे, असं अर्जुनला दसऱ्याला वाटलं. वर्कशॉपच्या कामात ती जवळ कधी आली हे त्याला कळलं नाही. दिवाळीची ती खोडच आहे.

*

वसुबारसेला त्याने सुट्टी टाकली आणि देहूरोड गाठलं. लष्कराच्या डेपोबाहेर लढाईतला टाकाऊ माल विकणारे बसत. त्यातला जुना म्हणजे बबनराव. त्याच्या आवारात तोफेच्या चाकापासून साहेबाच्या बाथटबापर्यंत सगळं होतं. पिनियन नव्हतं.

"पण कुठं हाय ते मला ठावं हाय," बबनराव म्हणाला.

"मग सांगा की."

"सांगतो. तुमी काय देताय?"

"नुसतं सांगायचं?"

"आमच्यात पत्ता पण मालच असतो भाऊ. आनि पैसं नको, वस्तू द्या. घरात सगळ्यांना वस्तूच आवडतात."

अर्जुनने विचार केला. गाडी एवढी ओरडते, तिला हॉर्न हवा कशाला? लोक आपोआप बाजूला होतील. त्याने पितळी भोंगा आणून दिला. पत्ता मिळाला: चिंचवडच्या न्हाव्याला विचार.

धनत्रयोदशीला तो न्हाव्याकडे गेला. दिवाळीची दाढीही होऊन जाईल, हा त्यातला शहाणपणा. न्हाव्याने अर्धी दाढी केली, वस्तरा हवेत धरला आणि म्हणाला, "तसल्या मोटारीचा मागचा सांगाडा माझ्या साडूनं नेला. साडू कुठं ऱ्हातो ते सांगंन म्हणा. पर तुमच्या मोटारीच्या शिटा इस्प्रिंगच्या हायत म्हणं?"

"हायत."

"मला खुर्चीला पायजेत."

"ते नंतर बघू. आधी दाढी पुरी कर."

"दाढीला काय, होईल की," न्हावी म्हणाला आणि वस्तरा चामड्यावर घासत बसला. चांगला वेळ घासत बसला. बाहेर ओळखीचे लोक येऊन अर्जुनचा एक गाल पाहून जाऊ लागले.

अर्जुनने पुन्हा विचार केला. इंदू काही साहेबाची मडम नाही. फळीवर घोंगडी घातली की झालं. त्याने सीट कबूल केल्या आणि उरलेला गाल परत मिळवला. न्हाव्याचा साडू म्हणजे चाकणचा भिमाजी.

*

मधल्या काळात निरोप चालू होते. काळेवाडीचा कोंडीराम बैलगाडीतून वाकड-मारुंजीकडे पेंड पोचवायचा. सकाळी निरोप न्यायचा, संध्याकाळी आणायचा.

"त्यांना सांग, उद्या मोटार घेऊन येतो."

"सांगितलं. ठकुबाईनं सगळ्या गावाला सांगितलं."

"सांग, परवा नक्की."

"सांगितलं. पोरांनी वड्यातली दगडं काढून वाट केली. पाटलानं वेशीतली गाढवं बांधून घातली, बुजतील म्हनून."

"इंदू काय म्हणाली?"

"ती गाठोडं बांधून बसलीया. म्हनली, दादाला म्हणावं, कसा बी ये."

अर्जुनचा चेहरा उतरला. कसा बी? हे इंदूचं बोलणं नव्हेच. हे ठकुबाईचं. मोटार नाही म्हणून कबूल कर, असं सासूने सुनेच्या तोंडून वदवून घेतलंय. दहा माणसांपुढे बोललेला शब्द मागे घ्यायला लावायचा, एवढाच तिचा डाव.

"उलटा निरोप दे," तो म्हणाला. "म्हणावं, मोटारीतूनच येणार."

कोंडीराम चांगला माणूस. त्याने तोही पोचवला.

*

नरकचतुर्दशीला पहाटेची अंघोळ उरकून, सुभद्राबाईने हातावर ठेवलेली करंजी तोंडात कोंबत अर्जुन कांद्याच्या ट्रकवर बसून चाकणला गेला. भिमाजीने त्या मेलेल्या गाडीच्या मागच्या सांगाड्यावर भुईमूग फोडायचं यंत्र बसवलं होतं. अर्जुन खाली वाकला. आत, तेलात, ते होतं. एकेक दात शाबूत. त्याला वाटलं, ते आपल्याकडे बघून हसतंय.

"ह्ये मला द्या," तो म्हणाला.

"मग माझ्या शेंगा कोण फोडणार? तुमी?"

"काय पायजे सांगा."

भिमाजीने बैलगाडीकडे बोट केलं. तिची लाकडी चाकं कांद्याच्या ओझ्याने मोडली होती. "हिला रबराची दोन चाकं बसवायची हायत. तुमच्या मोटारीला असतील. गुळगुळीत झाल्याली नको, चांगली आणा. मग न्या तुमचं पिन."

चांगली दोन चाकं मागची होती. पुढची दोन गुळगुळीत आणि जादाचं पाचवं फाटकं. अर्जुनने येताना ट्रकवर पूर्ण हिशेब मांडला: चाक ही काय दुर्मिळ वस्तू नव्हे. दुर्मिळ पिनियन. दुर्मिळ आधी हातात घ्यावं; साधं काय, वर्कशॉपात ढिगाने पडलंय, दोन चाकं मागून आणू.

लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत वर्कशॉपला टाळं असतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. लक्षात आलं नाही.

पाडव्याला चाकं चाकणला न्यायला गाडी हवी होती. गाडी कोंडीरामची. कोंडीरामला भाडं नको होतं. त्याला भजनी मंडळासाठी मोटारीचे कार्बाइडचे दिवे हवे होते. दिवसाढवळ्या दिवे कशाला लागतात? अर्जुनने दिले.

बैल जुंपले, चाकं चढवली. कोंडीराम कासरा हातात घेऊन थोडा थांबला.

"अर्जुना, एक बोलू? गाडी जुंपलीच हाय. चाकणला जान्याऐवजी मारुंजीला जाऊ. तासाभरात इंदू गाडीत."

"बैलगाडीतून?"

"मग काय इमानातून?"

"अरे, बैलगाडीतूनच न्यायची तर मी मोटार कशाला घेतली?"

कोंडीरामने बैलांकडे पाहिलं. बैलांनी कोंडीरामकडे पाहिलं. आणि गाडी चाकणच्या वाटेला लागली.

*

भाऊबीज.

अर्जुन पहाटेपासून गाडीखाली उताणा होता. पिनियन बसलं, आणि असं बसलं की जणू त्याच गाडीसाठी त्याचा जन्म झाला होता. त्याने तेल भरलं, बोल्ट आवळले, हात पुसले, पुढे जाऊन हँडल मारलं.

इंजिन ओरडलं. अर्जुनने गिअर टाकला. आणि कित्येक वर्षांनी पहिल्यांदा इंजिनाचा जोर मागपर्यंत पोचला. मागचा कणा फिरू लागला. लोण्यातून रवी फिरावी तसा. कुठे घरघर नाही, कुठे धक्का नाही.

गाडी मागून विटांवर ठेवली होती. कण्याच्या टोकांना चाकं नव्हती. दोन्ही बाजूंना चाकं बसवायचे उघडे तुंबे हवेत गरगर फिरत होते. पुढे गुळगुळीत टायर, मध्ये फळी, फळीवर घोंगडी. हॉर्न नाही, दिवे नाहीत.

सुभद्राबाई ओवाळणीचं ताट घासत होती. ती उठून आली आणि फिरणाऱ्या तुंब्याकडे पाहत राहिली.

"चालली का रं?"

"चालली."

"मग इंदू?"

अर्जुनने इंजिन बंद केलं. तुंबे थोडा वेळ फिरत राहिले, मग तेही थांबले.

तो धावत वर्कशॉपला गेला. टाळं. मालकाच्या घरी गेला. मालक भाऊबीजेला बहिणीकडे, तळेगावला गेला होता. मालकाला जमलं होतं.

संध्याकाळी कोंडीराम आला. अंगणात बसला आणि पटक्याने तोंड पुसत राहिला.

"बोल की," अर्जुन म्हणाला.

"काय बोलू. वेशीत तोरण बांधलं हुतं. दुपारी गाढवांनी खाल्लं. बांधलेली सोडली कुणीतरी." मग तो हळूच म्हणाला, "ती अजून वट्यावरच हाय."

*

दुसऱ्या दिवशी अर्जुन मारुंजीला पोचला तेव्हा ओट्यावर पेट्या बांधून ठेवल्या होत्या. गेनूला तार आली होती: ताबडतोब हजर व्हा. दुपारी निघायचं होतं.

पोरं अर्जुनच्या मागे रस्त्याकडे टक लावून बघत होती. मोटार वळणावर असेल, अशी त्यांना आशा.

"मोटार कुठाय?" ठकुबाईने विचारलं.

"घरी."

"बरं हाय," ती म्हणाली. "तुमच्या आईला सोबत." आणि ती आत जाऊन त्याच्यासाठी फराळाचं ताट घेऊन आली. त्याला टोमण्यापेक्षा ते ताट जास्त लागलं.

इंदूने बांधलेल्या पेटीतून ताम्हन काढलं. एक दिवस उशीर झाला होता, पण तिने त्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. आता ताटात भावाने काहीतरी घालायचं. अर्जुनच्या लक्षात आलं की देहूरोड, चिंचवड, चाकण असा सगळा मुलूख फिरताना आपण बहिणीला खण घ्यायचा विसरलो. त्याने खिशात हात घातला. खिशात एकच वस्तू होती. काल रात्री चिडून त्याने ती गाडीतून परत काढली होती.

त्याने ती ताटात ठेवली. ताट एका बाजूला कललं.

"काय हाय हे?" इंदू म्हणाली.

"पिनियन."

"कशाला लागतं?"

"मोटार चालायला."

"मग तुझी मोटार?"

"तिला चाकं न्हाईत."

इंदू हसली. इतकी हसली की ताम्हनातलं निरांजन विझलं, आणि मग तिने पदराने डोळे पुसले, आणि त्यातलं किती हसण्याचं होतं ते अर्जुनला कळलं नाही. तिने पिनियन उचलून तेलकट हात लुगड्याला लागणार नाही असं फडक्यात गुंडाळलं.

"लसूण ठेचायला होईल," ती म्हणाली. "आईला सांग, चकल्या चांगल्या झाल्या असतील. मी मनानं खाल्ल्या."

पेट्या गाडीत चढल्या. गेनू पुढे बसला, इंदू मागे, तोंड काळेवाडीच्या दिशेला करून. अर्जुन गाडीबरोबर थोडं चालला. मग बैलांनी पाय उचलला.

घरी आला तेव्हा सुभद्राबाई दारात होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीमागच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन इंदूच्या वाटणीचा डबा फळीवरून खाली काढला.

त्याच्या आदल्या दिवाळीला अर्जुन इंदूला आणायला चालत गेला होता, आणि दोघं गप्पा मारत दिवेलागणीच्या आत घरी पोचले होते.