डिस्कला पूर्ण विश्रांती

बाबांच्या कॉम्प्युटरचा बॅकअप घेऊन टाकावा, असं मी रविवारी दात घासता घासता ठरवलं. दात घासताना मी मोठमोठे निर्णय घेते आणि चूळ भरली की विसरते. हा नेमका लक्षात राहिला.

माझा विषय मानसशास्त्र. पण घरात जो वयाने सगळ्यात लहान तो कॉम्प्युटर इंजिनियर, असा आमच्याकडे नियम आहे. आदल्या संध्याकाळी बाबांचा फोन आला होता, "ठिणगी, आतून टकटक आवाज येतोय गं." (ठिणगी म्हणजे मी. नाव आईने ठेवलं.) त्या एका डिस्कवर आई होती.

म्हणजे आईचा आवाज. शेवटच्या महिन्यांत, दोन वाक्यांमध्येही धाप लागायची तेव्हा, तिने कॉम्प्युटरसमोर बसून बाबांसाठी सूचना रेकॉर्ड करून ठेवल्या. वॉशिंग मशीन कसं लावायचं. कुकरची शिट्टी होत नसेल तर काय बघायचं. विम्याचे कागद कुठे आहेत. बाबा रोज सकाळी वॉशिंग मशीनची सूचना ऐकायचे, कपडे धुवायचे असोत नसोत. मी एकही ऐकली नव्हती. वेळ नाही, असं सांगायचे. (मानसशास्त्रात याला एक नाव आहे. परीक्षेत मी ते बरोबर लिहिलं होतं.)

"मी येईपर्यंत कशाला हात लावू नका," असं बजावून ठेवलं होतं. पोचले तर बाबांचे थोरले भाऊ, मोठे काका, देखरेखीसाठी खुर्ची टाकून तयार. बाबा दारातच उभे.

"एक सांगायचं होतं, ती डिस्क..."

"बाबा, तुमचं नंतर. आधी मला काम करू द्या. तुम्ही बोलायला लागलात की संध्याकाळ होते."

बाबांनी तोंड मिटलं आणि पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

बेत सोपा होता. आजारी डिस्कला ताण नको, म्हणून कॉम्प्युटर माझ्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा आणि त्यातल्याच सॉफ्टवेअरने आईला सुखरूप बाहेर काढायचं. तिच्यासाठी घेतलेली नवी डिस्क माझ्या पिशवीत होती. सॉफ्टवेअर उघडलं आणि पडद्यावर ओळ आली : या कॉम्प्युटरमध्ये एकही ड्राइव्ह आढळला नाही.

"बंद करून चालू कर," काका म्हणाले.

केलं. तीच ओळ.

"पण टकटक थांबली की. म्हणजे बरी झाली असेल."

"काका, आवाज थांबला म्हणजे बरं झालं, असं निदान या घरात म्हणू नका."

बाबांनी दुसरा ग्लास आणला.

मी फोनवर मदतीचं पान काढलं. अशा पानांवरची पहिली सूचना बावळटांसाठी असते, म्हणून मी नेहमी दुसरीपासून सुरू करते. पेन ड्राइव्ह दुसरीकडे लावला. सॉफ्टवेअर नव्याने उतरवलं. कॉम्प्युटरच्या सेटिंगच्या निळ्या पडद्यावर जाऊन, अर्थ न कळणाऱ्या गोष्टी बदलल्या आणि घाबरून परत पूर्ववत केल्या. तीच ओळ. आई दुसऱ्यांदा जात होती, आणि याही वेळी मी शेजारी बसून नुसती बटणं दाबत होते.

मग मी बाबांवर घसरले. "रोज रोज तेच लावून झिजवलीत तुम्ही ती डिस्क. कपडे कसे धुवायचे हे एकदा ऐकून कळत नाही माणसाला?"

तिसरा ग्लास आला. माझ्याकडचे शब्द संपले आणि मी मटकन खाली बसले.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं."

"डिस्क कपाटात आहे."

ती आईच्या शालीत गुंडाळलेली होती. "आत नुसती तडफडत होती," बाबा म्हणाले. "तिच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते ना, ऑपरेशनपर्यंत पूर्ण विश्रांती. चार स्क्रू होते, काढले."

"आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"दारातच सांगत होतो."

मी पहिली सूचना वाचली. डिस्क कॉम्प्युटरला जोडलेली आहे याची खात्री करा.

जोडली. टकटक सुरू झाली, आणि सॉफ्टवेअरला ड्राइव्ह दिसला. सगळं उतरेपर्यंत आम्ही तिघं उभेच होतो. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर असं उभं राहायची आम्हाला सवय होती. शेवटची फाइल आली आणि थोड्या वेळाने जुनी डिस्क गप्प झाली, कायमची.

नव्या डिस्कवर यादी दिसत होती. वॉशिंग मशीन. कुकर. विमा. ठिणगी.

"ती राहू दे," बाबा घाईघाईने म्हणाले. तोवर मी बटण दाबलं होतं.

"ठिणगी चिडली की मध्ये बोलायचं नाही," आई म्हणाली. मग धाप. "पूर्ण ओरडू द्यायचं. ग्लासभर पाणी नेऊन ठेवायचं. दमली की आपली आपण थांबते. मग मुद्द्याचं एक वाक्य सांगायचं. एकच." पुन्हा धाप, बराच वेळ. "वॉशिंग मशीनसारखंच आहे हो. फिरत असताना झाकण उघडायला जाऊ नका."

काका छताकडे बघायला लागले. हे सगळं किती चुकीचं आणि अन्यायाचं आहे ते सुनवायला मी तोंड उघडलं आणि तावातावाने बाबांकडे वळले.

बाबा जागेवर नव्हते. स्वयंपाकघरात नळ सोडल्याचा आवाज आला.