चालतेबोलते मीटरसाहेब

मीटरसाहेबांनी एकट्यानंच फिरायला जायचं ठरवलं आणि तिथंच सगळं बिनसलं. बायकोला बरोबर घेतलं असतं तर चाकांच्या खुर्चीत बसून, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून, ओळखीच्या माणसांदेखत घरी यायची पाळी आली नसती. पण मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या अंगात ताकद यायच्या आधी अभिमान येतो. (अक्कल सगळ्यात शेवटी येते. काहींच्या बाबतीत तीही वाटेत कुठेतरी रेंगाळते.)

मीटरसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते वीज कचेरीत तपासनीस होते. कुणी मीटरला चुंबक चिकटवलंय, कुणी शेजाऱ्याच्या तारेवर आपला पंखा फिरवतोय, हे हुडकून काढणं हे त्यांचं काम. अशी नोकरी बरीच वर्षं केली की स्वभावाला एक वळण लागतं. समोरचा हसून "या साहेब, बसा, चहा घेणार का" म्हणाला की त्यांची नजर आधी मीटरकडे जायची, मग कपाकडे. लग्न ठरवायला गेले तेव्हा सासरेबुवा फारच अगत्यानं वागले, म्हणून यांनी हात धुवायच्या निमित्तानं जाऊन त्या घराचा मीटर बघून घेतला होता, असं त्यांची बायको सांगते. मीटरसाहेब ते साफ नाकारतात. मीटर चोख होता, एवढं मात्र त्यांना अजून आठवतं.

तर अशा या गृहस्थांना न्यूमोनिया झाला. आधी एका फुफ्फुसात, मग दुसऱ्यात, आणि बरा होतोय म्हणेपर्यंत उलटला. दवाखान्यातून घरी आले तेव्हा अंगावरचे कपडे हँगरला अडकवल्यासारखे दिसत होते आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत जायचं म्हणजे परगावी निघाल्यासारखी तयारी करावी लागत होती. पुढे हळूहळू घरातल्या घरात फेऱ्या सुरू झाल्या आणि एक दिवस व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बाहेर पडायची परवानगी दिली.

"बागेतल्या सपाट रस्त्यानं चाला. चढ नको, पायऱ्या नकोत," बाई म्हणाल्या. "आणि चालताना बोलता आलं पाहिजे. एक अख्खं वाक्य, मध्ये श्वास न तुटता. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला असं समजायचं आणि बाकावर बसायचं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर ताबडतोब डॉक्टरांना गाठायचं. आणि आज बरं वाटलं म्हणून उद्या दुप्पट चालायचं नाही."

"कुठलं वाक्य?" मीटरसाहेबांनी विचारलं.

"कुठलंही चालेल."

"आणि श्वास तुटला की नाही हे तपासणार कोण?"

"तुम्हीच की."

बाई गेल्यावर मीटरसाहेब बराच वेळ दाराकडे बघत राहिले. ज्याचा मीटर त्यानंच तपासायचा, असला कारभार त्यांनी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचं यंत्र घरी होतं, त्यावरही त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी ते एकदा बायकोच्या बोटाला लावून पाहिलं, एकदा आळीपाळीनं स्वतःच्या सगळ्या बोटांना लावलं, आणि शेवटी गाजराला लावलं. गाजरावर त्यानं नुसत्या रेघा दाखवल्या, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

"मी येते बरोबर," बायको म्हणाली. ती घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते. त्या वेळी तिच्या तोंडात दोन टाचण्या होत्या.

"नको. मी काय लहान मूल आहे का?"

"बरं, जा."

मीटरसाहेब चपला घालता घालता थांबले. ही बाई इतक्या मुकाट्यानं 'बरं' म्हणते? रुमाल कुठे ठेवलाय यावरूनही जिच्याशी हुज्जत घालावी लागते, ती? म्हणजे तार दुसरीकडून कुठूनतरी ओढलेली आहे, अशी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पण पुरावा नव्हता, म्हणून ते निघाले.

बागेच्या फाटकाशी एक चावीवाला बसतो. एरवी तो मान वर करत नाही. त्या दिवशी यांना बघताच हातातली कानस खाली ठेवून उठला आणि बरोबर चालू लागला.

"साहेब, एक विचारायचं होतं. घर बंद असलं तरी बिल का येतं हो? जरा सविस्तर सांगा ना."

मीटरसाहेबांनी सविस्तर सांगितलं. चावीवाल्याचं लक्ष उत्तराकडे नसून आपल्या छातीकडे आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. वरच्या खिशात पेन होतं. ते त्यांनी काढून पँटच्या खिशात घातलं.

पुढे बाकावर शेजारच्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या. शाळेतून रिटायर झाल्यापासून या बाईंनी त्यांना कधी चार शब्दांनी पुसलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाल्या, "बरे दिसताय. तुमच्या लहानपणाविषयी काहीतरी सांगा ना."

"माझ्या?"

"हो. चालता चालता सांगा. मी येते वळणापर्यंत."

त्यानंतर कुत्रेवाले काका भेटले. यांचा कुत्रा आणि मीटरसाहेब यांचं जुनं हाडवैर. (तपासनीस आणि कुत्रा यांचं कुठेच जमत नाही. तो दोघांच्या कामाचाच भाग आहे.)

"हा तुमची फार आठवण काढत होता," काका म्हणाले. "त्याच्याशी बोला जरा."

"काय बोलू?"

"काहीही बोला. पण पूर्ण वाक्यात."

मीटरसाहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी कुत्र्याला उद्देशून एक निर्दोष, कर्ता-कर्म-क्रियापदासह वाक्य उच्चारलं, शांतपणे वळण ओलांडलं आणि कुंपणाच्या झुडपामागे उभे राहिले. अंदाज खरा ठरला. मुख्याध्यापिका फोनवर बोलत होत्या.

"हो वहिनी, अख्खं वाक्य बोलले. मध्ये एकदा अडखळले, पण ते बहुधा शाळेचं नाव आठवेना म्हणून. श्वासाचं काही नव्हतं."

चोरी पकडल्याचा आनंद आणि आपलीच चोरी पकडली जात असल्याचा संताप, हे दोन्ही मीटरसाहेबांना एकाच वेळी झालं. इतक्या महिन्यांनी त्यांना प्रथमच आपण पूर्ण बरे झालोय असं वाटलं. घरी येऊन जाब विचारावा असं एकदा मनात आलं, पण तो कच्चा तपास झाला असता. त्यांचा अनुभव असा की आरडाओरडा करणारा चोर हमखास सापडतो. जो प्रत्येक प्रश्नाला नुसतं 'हं' म्हणतो, त्याच्यापुढे आख्खी कचेरी हात टेकते. तेव्हा आता आपणही 'हं' म्हणायचं. बसा म्हणावं मोजत.

दुसऱ्या दिवशी चावीवाल्यानं विचारलं, "साहेब, नवा मीटर जास्त पळतो म्हणतात, ते का?"

"हं," मीटरसाहेब म्हणाले आणि पुढे गेले.

मुख्याध्यापिकांनी विचारलं, "मग पुढे तुमच्या त्या शाळेचं काय झालं?"

"हं."

कुत्रेवाल्या काकांना तर त्यांनी 'हं'ही दिला नाही. नुसती मान हलवली. कुत्रासुद्धा चिंतातुर होऊन खाली बसला.

पाठीमागे काय चाललं होतं ते त्यांना पुढे कळलं. चावीवाल्यानं घरी फोन केला की साहेबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. मुख्याध्यापिकांनी कळवलं की चेहरा ओढलेला आहे. काकांनी तर सरळ सांगितलं, "वहिनी, वाचा गेली." बायकोनं अर्धवट शिवलेला झगा मशीनखाली तसाच सोडला आणि ती पळत सुटली.

इकडे मीटरसाहेबांना यश चढलं होतं. आणि यश चढलं की माणसाला पायऱ्या दिसतात. बागेच्या टोकाला पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. आपण मेणाचे नाही, हे एकदा यांना कळू दे, असं म्हणून ते चढू लागले. सुरुवातीला मजेत गेलं. मग पाय दुसऱ्याच कुणाचे तरी वाटू लागले. मग छातीत भाता चालू झाला. व्यायामाच्या बाईंचं वाक्य त्यांना आठवलं आणि त्यांनी प्रयोग म्हणून मोठ्यानं म्हटलं, "मी आता वर..." त्या वाक्याचं क्रियापद काही आलं नाही. त्यांनी कठडा धरला. बसायचं की नाही याचा ते विचार करत होते, तेवढ्यात गुडघ्यांनी परस्पर निर्णय घेतला.

थोड्याच वेळात खालून सगळी मंडळी आली. मुख्याध्यापिकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाची चाकांची खुर्ची चावीवाला ढकलत होता. बायको सगळ्यांच्या पुढे होती. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती.

"अहो, काय होतंय? बोला ना."

मला काही झालेलं नाही, मी मुद्दाम बोलत नव्हतो, असं त्यांना सांगायचं होतं. पण खराखुरा दम लागला होता, त्यामुळे बाहेर आलं ते एवढंच: "मु... मु..."

"मुंग्या येताहेत म्हणताहेत," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

मीटरसाहेबांनी जोरात नकारार्थी मान हलवली.

"मुलाला बोलवा म्हणताहेत," काका हलक्या आवाजात म्हणाले.

"आम्हाला मुलगा नाही, मुलगी आहे," बायको म्हणाली. "यांना तेही आठवेनासं झालं."

"मुद्...द..." मीटरसाहेबांनी शेवटचा जोर लावला.

"मुद्द्याचं काहीतरी सांगायचंय," चावीवाला म्हणाला. "बहुतेक कागदपत्रं कुठे ठेवलीत ते."

त्यानंतर त्यांनी प्रयत्न सोडला. पायऱ्यांवरून त्यांना आधार देऊन उतरवलं, खुर्चीत बसवलं, मुख्याध्यापिकांनी गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि वरात घराकडे निघाली. वाटेत दोन माणसांनी टोपी काढली. एकानं तर मीटरसाहेब जिवंत असल्याची खात्री करून घेऊन मग टोपी परत घातली. त्याला त्यांनी पूर्वी दंड लावला होता.

डॉक्टरांनी तपासलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण शरीर थकलं होतं आणि ताप पुन्हा डोकावला होता. बाग बंद. पुन्हा घरातल्या घरात फेऱ्या. महिन्याभराची कमाई त्या पायऱ्यांनी एका सकाळी गिळली होती.

संध्याकाळी बायको शिलाई उसवत बसली होती. मीटरसाहेब पलंगावरून म्हणाले, "माझ्यावर पाळत ठेवली होतीस तू."

"ठेवली होती."

मीटरसाहेब उठून बसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्याच प्रश्नाला कुणी कबुली दिली नव्हती. पुढे काय विचारतात हे त्यांना माहीतच नव्हतं.

"का पण?"

बायकोनं दोरा तोडला. "दवाखान्यात तुम्ही बोलायचे थांबला होतात. तुम्हाला नाही आठवायचं. आधी वाक्यं आखूड व्हायला लागली. मग मी काही विचारलं की नुसतं हं. पाणी हवं? हं. दुखतंय? हं. आणि एका दुपारी तेही नाही. नर्सनं मला बाहेर बसायला सांगितलं." ती पुन्हा उसवू लागली. "आज चावीवाल्यानं फोनवर सांगितलं, साहेब नुसतं हं म्हणतात. झगा मशीनखाली तसाच टाकून मी पळाले."

मीटरसाहेबांच्या ओठांवर सवयीनं तोच शब्द आला होता. तो त्यांनी गिळला. बराच वेळ जुळवाजुळव केली आणि म्हणाले, "तू सांगितलंस ते मला समजलं, आणि यापुढे कुणी काहीही विचारलं तरी मी पूर्ण वाक्यात उत्तर देत जाईन."

बायकोनं मान वर करून त्यांच्या छातीकडे बघितलं. "श्वास नाही तुटला," ती म्हणाली आणि डोळे पुसायला पदराऐवजी हातातला गिऱ्हाइकाचा झगा वापरला.

त्यानंतर मात्र मीटरसाहेब शहाण्यासारखे वागले. आधी खोलीत, मग जिन्याखालच्या अंगणात, मग बागेत. दम लागला की बाकावर बसायचे, आणि बसल्याची लाज वाटू द्यायचे नाहीत. थकवा राहिला तर दुसऱ्या दिवशी कमी चालायचे. चावीवाल्याला त्यांनी वीजबिल इतकं समजावलं की तो यांना बघून दुकान झाकायला लागला. पायऱ्यांकडे त्यांनी पुढच्या ऋतूपर्यंत बघितलं नाही, आणि चढले तेव्हा बायको बरोबर होती, मधल्या टप्प्यावर दोघं टेकली होती, आणि वर पोचल्यावर त्यांनी पाण्याच्या टाकीवर एक लांबलचक वाक्य बोलून दाखवलं.

अशातच वरच्या मजल्यावरचे वकील पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन घरी आले. त्यांनाही त्याच व्यायामाच्या बाईंनी हळूहळू चालायला सांगितलं. वकिलांची बायको सल्ला विचारायला खाली आली, आणि मीटरसाहेबांच्या बायकोनं आपली जुनी फौज पुन्हा उभी केली. या वेळी बाकावरची जागा खुद्द मीटरसाहेबांना मिळाली. वकिलांना याचा पत्ता लागू द्यायचा नाही, असं ठरलं.

मीटरसाहेबांनी काम मनावर घेतलं. रोज इस्त्रीचा शर्ट घालून बसू लागले. वकील दिसले की उठून बरोबर चालायचे. घरात वास्तव्य किती जणांचं, गिझर किती वेळ चालतो, मागच्या खोलीतली वायर कुणी ओढली, असे एकाला एक जोडून प्रश्न विचारायचे. इतक्या मोकळेपणानं दुसऱ्या कुणाशी आपण कधी बोललो नव्हतो, असं त्यांना वाटायचं.

एक दिवस बायको वरून चेहरा पाडून आली.

"काय झालं? वकिलांची तब्येत बिघडली का?"

"तब्येत उत्तम आहे. पण ते म्हणतात, खालचे मीटरसाहेब रोज बागेत बाकावर दबा धरून बसतात, त्यांचं लक्षण काही मला सरळ दिसत नाही."

"आणि चालणं?"

"तोच घोटाळा आहे. तुम्ही दिसलात की ते जवळजवळ धावतात." तिनं टाचण्या तोंडात धरल्या आणि दुसरीकडे बघत पुढचं सांगितलं. "बाई म्हणाल्या, एवढ्यात त्यांनी धावायचं नाही. तेव्हा उद्यापासून तुम्ही जरा घरीच बसा."