घरच्या साबणाची बारावी पायरी

माणसाने आजवर जे काही मोठं काम केलं ते हातांनी केलं, आणि काम झाल्यावर हात धुतले. पैकी पहिल्या भागाचे इतिहास लिहिले गेले आहेत. दुसरा भाग दुर्लक्षित राहिला होता, तो एका सरकारी भांडारातून निवृत्त झालेल्या भांडारपालांनी हाती घेतला.

चौतीस वर्षं त्यांनी खिळे, फाइली, बादल्या आणि खुर्च्यांचे सुटे पाय सांभाळले. त्यांच्या कारकिर्दीत एक टाचणीसुद्धा सहीशिवाय बाहेर गेली नाही. (आतही फारशा आल्या नाहीत, पण तो पुरवठा विभागाचा प्रश्न होता.) अशा माणसाला निवृत्तीनंतर स्वतःचं घर म्हणजे एक ढिसाळ कार्यालय वाटू लागतं. तरी त्यांनी दीड वर्ष दम धरला. साबणाकडे ते वळले ते निव्वळ बायकोसाठी. बायकोवर त्यांचा फार जीव होता, हे इथेच नमूद केलेलं बरं, कारण पुढच्या मजकुरावरून तसं वाटणार नाही.

बायको रेशमी शालींवर भरतकाम करायची. चौकातल्या दुकानाच्या मालकीणबाई शाल आणि रेशीम देत, ती वेलबुट्टी भरून देई. रेशमाचा धागा मोठा मानी. बोटाला जरा खरखर लागली की अडकतो, आणि मग अख्खं पान उसवावं लागतं. हल्ली तिची बोटं भेगाळली होती. मागच्या शालीत तीन ठिकाणी धागा ओढला गेला होता. नवी शाल हातात देताना मालकीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "ताई, चार महिने आहेत, सावकाश करा. पण या वेळी धागा ओढला गेला ना, तर पुढचं काम मला मशीनवाल्याला द्यावं लागेल हो."

त्या दिवशी ती जेवली नाही. झाकून ठेवलेलं ताट भांडारपालांनी दोनदा उघडून पाहिलं. अशा वेळी कोणत्याही जबाबदार नवऱ्याने जे करावं तेच त्यांनी केलं. त्यांनी एक नवी वही आणली.

वहीच्या पहिल्या पानावर समस्या लिहिली: 'हात'. दुसऱ्या पानावर उपाय: 'नैसर्गिक, घरगुती, त्वचेला ओलावा देणारा साबण'. तिसऱ्या पानावर नेटवरून उतरवून घेतलेली अकरा पायऱ्यांची कृती. कॉस्टिक सोडा पाण्यात हळूहळू सोडावा (उलट केल्यास उकळी अंगावर येते). खोबरेल, तिळाचं आणि एरंडेल तेल कोमट करून त्यात मिसळावं. घट्ट होईपर्यंत ढवळावं, मध आणि कोरफडीचा गर घालावा, साच्यात ओतावं, दुसऱ्या दिवशी वड्या कापून सहा आठवडे वाळवाव्यात. अकरावी पायरी अशी होती: 'मऊ हातांचा आनंद घ्या.'

मोजमापाशिवाय सुधारणा नाही, म्हणून त्यांनी रेशीम-चाचणी शोधून काढली. वीतभर धागा तळहातावरून आणि पाचही बोटांवरून ओढायचा, आणि जितक्या वेळा अडकेल तितके गुण द्यायचे. पहिल्या दिवशी बायकोला सात गुण पडले, त्यांना स्वतःला चार. मग ते हात धुवून कामामागे लागले (विकतच्या साबणाने, कारण घरचा अजून व्हायचा होता).

दर गुरुवारी उत्पादन. एका उत्पादनाला तेवीस भांडी लागत. (चोविसावं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं होतं. कॉस्टिकने पहिल्याच दिवशी त्याला फेस आणून काळं केलं, सबब ते निर्लेखित करण्यात आलं.) काम संपलं की तेवीसच्या तेवीस भांडी सिंकमध्ये जात आणि शुक्रवारी सकाळी लख्ख होऊन फळीवर हजर असत. घरात ही व्यवस्था पूर्वापार चालत आली होती, त्यामुळे तिची वेगळी नोंद घेण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

तेलाचा आणि कच्च्या साबणाचा तो चिकटा काही केल्या निघत नसे. घरच्या साबणाने तर मुळीच निघाला नसता, इतका तो सौम्य होणार होता. त्यासाठी विकतची जहाल पावडर लागे.

"अहो, ते रबरी हातमोजे जरा द्या ना," दुसऱ्या शुक्रवारी ती म्हणाली.

"अगं, ते उत्पादनाच्या नावावर चढलेत," भांडारपाल समजावणीच्या सुरात म्हणाले. "धुणं-घासणं उत्पादनात येत नाही. एक वस्तू दोन विभागांना दिली की दोन्हीकडे बोंब. सहा आठवडे कळ काढ, मग बघ हात कसे लोण्यासारखे होतात ते."

तिने कळ काढली. सहा आठवड्यांनी पहिली वडी वापरात आली तेव्हा तिचे गुण बारा झाले होते. पंधरा दिवस वापरून पंधरा झाले. भांडारपालांचे मात्र चारावरून शून्य. शास्त्रीय वृत्तीचा माणूस असल्या आकड्यांनी डगमगत नाही. त्यांनी निष्कर्ष लिहिला: 'साबण निर्दोष. दोष हातात.' आणि उपाय म्हणून तेलाचं प्रमाण दीडपट केलं. भांडी एकतीस झाली.

इमारतीत साबणाचा बोलबाला झाला. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, असा मऊपणा उभ्या जन्मात अनुभवला नाही. साठ जणांनी कृती मागितली. भांडारपाल येणाऱ्या-जाणाऱ्याला आपला तळहात दाखवत. तो खरोखरच दाखवण्यासारखा झाला होता.

आणि अशात एका दुपारी बायकोच्या अंगठ्याच्या भेगेत धागा अडकला आणि एका पानाची कड ओढली गेली. तिने ते पान उसवलं. पुन्हा भरलं. ते पुन्हा ओढलं गेलं. मग तिने शाल घडी करून पिशवीत ठेवली.

"मी महिनाभर ताईकडे जाते," ती म्हणाली. "तिथे खिडकीत उजेड चांगला आहे."

"चार वड्या घेऊन जा."

"नको. तिथे असेल कुठला तरी साबण."

पहिल्या गुरुवारी उत्पादन नेहमीप्रमाणे झालं. शुक्रवारी सकाळी भांडारपाल फळीपाशी गेले तर फळी रिकामी. एकतीस भांडी आदल्या दिवशी ठेवली तिथेच, त्याच क्रमाने, सिंकमध्ये होती. शनिवारीही होती. लग्नापासून सदतीस वर्षं बिनतक्रार चाललेली यंत्रणा बंद पडली होती, आणि तक्रार कुठे नोंदवायची हेही त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी बाह्या सरसावून ते स्वतः उभे राहिले. हातमोजे खिळ्याला लटकत होते. त्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि घातले नाहीत. ते उत्पादनाचे होते. नियम स्वतःसाठी वाकवणारा माणूस त्यांनी भांडारातही कधी खपवून घेतला नव्हता.

महिन्याने बायको परतली, पूर्ण शाल घेऊन. एकही धागा ओढलेला नव्हता. मालकीणबाईंनी शाल उजेडात धरली, उलटसुलट केली आणि तिथल्या तिथे पुढच्या दोन दिल्या. घरी आल्यावर रीतसर चाचणी झाली. बायको: एक गुण. भांडारपाल: चौदा.

त्यांनी दोन्ही आकडे वहीत चढवले. मग त्यांनी लिहिलं: 'सदर साबण वापरणाऱ्यापासून शहाऐंशी किलोमीटर अंतरावर ठेवल्यास सर्वाधिक गुणकारी.'

"ताईकडे कोणता साबण होता गं?" त्यांनी नोंदीसाठी विचारलं.

"बघितलं नाही. भांडी भाऊजी घासतात तिथे."

हे लिहायला त्यांनी पान उलटलं, पण चाचणीचा धागा त्यांच्या अंगठ्याच्या भेगेत अडकून राहिला होता. ओढला तसा जास्तच रुतला.

"थांबा, हलू नका." तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला, चष्मा पुढे ओढला आणि सुईच्या टोकाने धागा सोडवू लागली. तिला दोनेक मिनिटं लागली. सदतीस वर्षांत आपण हा हात फक्त चाचणीसाठी नीट पाहिला, हे त्या दोन मिनिटांत भांडारपालांच्या लक्षात आलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

संध्याकाळी त्यांनी कृतीत भर घातली: '१२. भांडी घासणे. ज्याने साबण केला त्याने. (हातमोजे: एक जोड.)' आणि सुधारित कृतीच्या साठ प्रती काढून वाटल्या.

आठवड्याभरात सत्तावन्न प्रती परत आल्या. लोकांनी फार नम्रपणे विचारलं होतं, की तुमची ती जुनी, अकरा पायऱ्यांची मिळेल का? तीच जास्त नैसर्गिक वाटते.

वाचकांपैकी कोणाला कृती हवी असल्यास दोन्ही उपलब्ध आहेत. कोणती पाठवायची हे कळवण्याची तसदी घेऊ नये. उजव्या हाताचा अंगठा या पानावरून एकदा अलगद फिरवून पाहावा. कुठे अडकला नाही, तर आपली कृती अकरा पायऱ्यांची. आणि ती मागवायची गरज नाही, आपल्या घरी ती आधीपासूनच चालू आहे.