आटपाडीचा श्रोतृवर्ग

देशातल्या उपग्रह रेडिओला शेवटी एकच श्रोता उरला, आणि तो आमच्या आटपाडीत राहत होता.

रंगनाथ पुकळे त्यांचं नाव. गाव त्यांना रंगाअण्णा म्हणतं. अण्णांची एक जीप आहे, ती ते भाड्यानं चालवतात. लग्नाचं वऱ्हाड, विट्याचा दवाखाना, खरसुंडीचं देवदर्शन, जे भाडं येईल ते. गाडी घेतली तेव्हा त्यांनी तिच्यात उपग्रहावरचा रेडिओ बसवून घेतला. तेव्हा मोठ्या शहरांतल्या पुष्कळ गाड्यांत तो होता. मग मोबाइल आले, लोकांनी हळूहळू रेडिओ काढले. अण्णांनी काढला नाही. कुणी कारण विचारलं की ते म्हणायचे, "एक माणूस बोलाय लागलंय आणि आपण मधनंच उठून जायचं, हे आपल्याला जमत न्हाई."

असं करत एक दिवस अण्णा एकटे राहिले.

श्रोता एकच उरल्यावर रेडिओ केंद्रानं कारभारात तेवढे बदल केले. "श्रोतेहो" म्हणणं बंद झालं. सकाळच्या निवेदिका शर्वरी चांदोरकर गाडी सुरू झाली की म्हणायच्या, "नमस्कार रंगनाथराव. आज देशभर हवामान कोरडं राहील. आपल्याकडेही." अण्णांना उत्तर देता यावं म्हणून केंद्रानं आरशाजवळ एक छोटा मायक्रोफोन बसवून दिला. "नमस्कार बाई," अण्णा म्हणायचे, आणि गियर टाकायचे.

गावाला याचा फार अभिमान होता. विट्याची बाजारपेठ मोठी असेल, सांगोल्याला रेल्वे असेल, पण एका माणसासाठी आकाशात उपग्रह ठेवलेलं गाव दुसरं नव्हतं. पाहुणे आले की आम्ही त्यांना स्टँडवर नेऊन वर बोट दाखवत असू. दिसत काही नसे. पाहुणे मान हलवत आणि म्हणत, "लई उंच दिसतोय."

फायदे होतेच. भिवघाटात मोबाइलची रेंज जाते, साधा रेडिओ खरखरतो, पण अण्णांच्या गाडीतला आवाज देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ यायचा. जाहिराती नव्हत्या, कारण अण्णांना काय विकायचं हे व्यापाऱ्यांना कळत नव्हतं. एकदा वऱ्हाडातल्या एका म्हातारीला मळमळायला लागलं, तर शर्वरीबाईंनी आठवण करून अण्णांना काच खाली घ्यायला लावली आणि तंतुवाद्याचं काहीतरी हळुवार लावलं. म्हातारी झोपली.

तोटेही होते. उपग्रहाला गाडी दिसावी लागते. स्टँडवरच्या कडुनिंबाखाली गाडी उभी केली की आवाज तुटायचा आणि बाई घाबऱ्या व्हायच्या. "रंगनाथराव? आहात ना? रंगनाथराव?" ते ऐकवेना म्हणून अण्णा गाडी कायम उन्हात लावू लागले. सीटं तडकली. बसणारी माणसं बसताबसता उठायची.

दुसरं असं की वाहिन्या चाळीसच्या आसपास होत्या आणि अण्णा एक. सकाळचा भैरव गाणारे एक वयस्कर गवई नाराज झाल्याचं अण्णांच्या कानावर आलं. अण्णांनी बरेच दिवस बटण तिकडं फिरवलंच नव्हतं. तेव्हापासून अण्णांनी सगळ्यांना पाळी लावली. तमिळ बातम्या लागल्या की ते रस्त्याकडं बघत गंभीरपणे हुंकार द्यायचे. पाळ्या संपल्या नाहीत तर रिकामी गाडी घेऊन दिघंचीपर्यंत जाऊन यायचे.

तिसरा तोटा मालनबाईंच्या वाट्याला आला. मालनबाई म्हणजे अण्णांच्या पत्नी. गाडीत बायाबापड्या असतात, दवाखान्याचे पेशंट असतात, म्हणून त्या अण्णांच्या शेजारच्या सीटवर बसून बरोबर जायच्या. माणसं गोळा करणं, बसवणं, उतरवणं त्यांच्याकडं. त्या बोलायला लागल्या की अण्णा एक बोट वर करायचे. "थांब. बातम्या चालल्यात." बातम्यांनंतर भावगीतं असायची, भावगीतांनंतर शेअर बाजार. मालनबाई थांबायच्या, पण पुरत्या थांबायच्या नाहीत. खिडकीबाहेर बघत हळू आवाजात वाक्य पुरं करायच्या.

एके दिवशी सकाळच्या मुख्य बातमीत शर्वरीबाई म्हणाल्या, "देशातील उपग्रह रेडिओच्या श्रोत्यांपुढे गंभीर प्रश्न उभा राहिला आहे. श्रोते सध्या करगणी रस्त्यावर आहेत."

अण्णांनी गाडी बाजूला घेतली.

बातमी अशी होती की केंद्राला परवाना श्रोतृवर्गासाठी मिळाला होता, आणि एक माणूस म्हणजे वर्ग होत नाही असं वरच्या कार्यालयाच्या ध्यानात आलं होतं. किमान दोन लागतात. पाहणीसाठी भाटवडेकर नावाचे अधिकारी आटपाडीला येणार होते. दुसरा श्रोता सापडला नाही तर उपग्रह बंद करायचा, असं ठरलं होतं. बाईंचा आवाज शेवटी जरा हलला, पण त्यांनी नमस्कार नेहमीसारखा केला.

त्या संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत. मालनबाईंनी ताट झाकून ठेवलं.

"दुसरा श्रोता लांब न्हाई," अण्णा म्हणाले. "माझ्या शेजारी बसतो. साहेबांनी इचारलं की फक्त व्हय म्हण."

"न ऐकता ऐकते म्हणू?"

"इतकी वर्सं गाडीत बसतीस. कानावर तर पडतंयच की."

"पडतंय," मालनबाई म्हणाल्या. "कानावर माझं बी पडत हुतं तुमच्या."

अण्णांना हे नीट कळलं नाही. ते म्हणाले, "चाळीस माणसांचं पोट हाय त्याच्यावर. आणि गावाची इज्जत."

"इज्जतीचं मलाबी कळतं. म्हणून तर खोटं बोलणार न्हाई."

भाटवडेकर साहेब आले तेव्हा गावानं गाडीला हार घातला. साहेब उंच, सडपातळ, अतिशय सभ्य गृहस्थ होते. त्यांनी हार घातलेल्या बॉनेटला नमस्कार केला, तापलेल्या मागच्या सीटवर चेहरा न बदलता बसले आणि म्हणाले, "नेहमीच्या रस्त्यानं चला."

दिघंचीचा रस्ता धरला. शर्वरीबाईंनी नमस्कार केला, अण्णांनी उत्तर दिलं. साहेबांनी समाधानानं मान हलवली.

"एक श्रोता सिद्ध झाला," ते म्हणाले. "आता बाई, आपण. आपण हा रेडिओ ऐकता का?"

अण्णांनी आरशातून मालनबाईंकडं पाहिलं. खरं तर त्या शेजारीच होत्या.

"न्हाई साहेब," मालनबाई म्हणाल्या. "मी तो संपायची वाट बघते."

"फायदा काहीच वाटत नाही?"

"वाटतो की. आवाज चांगलाय. माणसं गोड बोलत्यात. आमच्या मालकांना राव म्हणणारं दुसरं कोण हाय? पण साहेब, त्याला देशाचं सगळं ठावं, आमच्या रस्त्याचं कायबी ठावं न्हाई. परवा म्हणाला, आकाश निरभ्र हाय. आकाश हुतंच निरभ्र. खाली मोरी खचली हुती. आम्ही गरोदर बाई घेऊन दोन तास उभं. मला सकाळीच कळलं हुतं, सांगाय गेले, तर बोट वर."

अण्णांचे कान लाल झाले.

"म्हणजे आपण श्रोता नाही," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "मला वाईट वाटतं, पुकळे."

तेवढ्यात रेडिओवरचं गाणं मध्येच थांबलं. असं कधी झालं नव्हतं.

"भाटवडेकर साहेब," शर्वरीबाई म्हणाल्या, "दुसरा श्रोता आहे. मी आहे."

"आपण निवेदिका आहात."

"हो, पण मी ऐकतेसुद्धा. आरशाजवळचा मायक्रोफोन उघडा असतो. रंगनाथराव मालनताईंना थांब म्हणतात, तेव्हा त्या थांबत नाहीत. हळू बोलतात. गाणं लावून मी ते ऐकत बसते. वर्षानुवर्षं ऐकते आहे. मालनताई, निंबवड्याच्या तुमच्या भावजयीला कळा सुरू झाल्या होत्या, रिक्षा मिळत नव्हती, पुढं काय झालं? तेवढ्यात मला बातम्या वाचाव्या लागल्या. ते राहूनच गेलं."

मालनबाईंनी पदर नीट केला आणि पहिल्यांदा त्या आरशाकडं तोंड करून बोलल्या.

"जुळी झाली, बाई. दोन्ही पोरी."

"अगंबाई! आणि आता?"

"आता शाळंत जात्यात."

अण्णांनी ब्रेक दाबला. "कवा झाली जुळी?" ते म्हणाले.

साहेब विचारात पडले होते.

"निवेदिकेनं श्रोता असू नये असा नियम नाही," शेवटी ते म्हणाले. "पण श्रोता रेडिओचा असावा लागतो. या बाई रेडिओवर नाहीत. त्या सीटवर आहेत."

"मग त्यांना रेडिओवर घ्या," शर्वरीबाई म्हणाल्या.

"स्थानिक वार्ताहराची जागा आहे," साहेब म्हणाले. "स्थापनेपासून रिकामी आहे. बाई, आपली तयारी आहे का?"

मालनबाईंनी अण्णांकडं पाहिलं नाही. "हाय की," त्या म्हणाल्या. "पण मधी कोणी बोट वर करायचं न्हाई."

"वार्ताहराच्या बोलण्यात व्यत्यय आणता येत नाही," साहेब म्हणाले. "ते नियमातच आहे."

त्यांनी केंद्राला तिथूनच आदेश दिला. मालनबाईंचा आवाज मायक्रोफोनमधून वर उपग्रहाकडं गेला, उपग्रहानं तो घेतला, खाली पाठवला, आणि क्षणभरानं तो डॅशबोर्डवरच्या स्पीकरमधून आला.

"नमस्कार. दिघंचीकडं जाणाऱ्यांनी आज माणगंगेच्या पुलावरनं जाऊ नये. उसाची ट्रॉली उलटलीय. शेनवडीच्या अंगानं रस्ता सुरू हाय. लेंगरे मास्तरांच्या म्हशीला रेडा झालाय, दोघं बरी हैत. खरसुंडीच्या बाजारात आज वांगी चांगली येणार."

अण्णा स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होते. शेजारी बायको बोलत होती आणि समोरून तिचा आवाज येत होता. तो मोठा, भरदार आवाज होता, कुठं अडखळत नव्हता, आणि त्याला रस्ता ठाऊक होता. अण्णांनी आयुष्यभर चांगले आवाज ऐकले होते. त्यांना त्यातलं कळत होतं.

बातम्या संपल्यावर ते म्हणाले, "साहेब, असा आवाज मी आपल्या चाळीस वाहिन्यांवर ऐकला न्हाई."

"नोंद घेतली," साहेब म्हणाले, आणि घाम पुसून त्यांनी श्रोतृवर्ग सिद्ध झाल्याचं जाहीर केलं.

अण्णांनी गाडी शेनवडीच्या रस्त्याला वळवली.

यानंतर गावाची मान आणखी ताठ झाली. केंद्रातले ते वयस्कर गवई आता मालनबाईंच्या आधी मुद्दाम लवकर संपवतात, म्हणजे त्यांनाही ऐकता येतं. पुढच्या पाहणीत श्रोते वाढलेले दिसतील असं साहेबांनी कळवलं आहे. मधल्या काळात अण्णा निंबवड्याला जाऊन जुळ्या पोरींना भेटून आले. पोरींनी त्यांना ओळखलं नाही. अण्णांनी आपली ओळख रेडिओवरच्या मालन पुकळेंचे यजमान अशी करून दिली.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरकडचं एक कुटुंब खरसुंडीच्या दर्शनाला आलं होतं. ते अण्णांच्या गाडीत बसलं. वाटेत स्पीकरवर बातम्या सुरू झाल्या, तसे अण्णा ताठ बसले, वेग कमी केला आणि म्हणाले, "ऐका. हे उपग्रहावरनं येतंय. बोलणारी माझी मंडळी."

मागे बसलेल्या गृहस्थांनी पुढं वाकून पाहिलं. "पण त्या तर इथंच बसल्यात तुमच्या शेजारी."

"व्हय," अण्णा म्हणाले. "कामावर हैत. आता बोलू नका."