साडेतीन सेंटिमीटर

"शनिवारी गल्लीची मेजवानी आहे," आस्ता म्हणाली. "त्याआधी दारातला खड्डा भर. कुणीतरी पाय मुरगाळून घेईल."

"साडेतीन सेंटिमीटर आहे तो," राय धान्याच्या पावावर चीज ठेवत एगॉन म्हणाला.

"सहा वर्षं साडेतीनच?"

"कालच मोजला."

एगॉन थ्राने स्केरूप नगरपालिकेचा रस्ते तपासनीस होता. खिशात घडीची लाकडी पट्टी, गाडीत गुलाबी रंगाचा फवारा. खड्डा चार सेंटिमीटर खोल झाला, की त्याच्याभोवती गुलाबी चौकोन आणि चौकोनात किती सेंटिमीटर खणायचं त्याचा आकडा. मग दुरुस्तीची टोळी यायची आणि गुलाबी दिसेल तिथे खणून डांबर भरायची. चाराच्या आत असलेल्या खड्ड्याला एगॉन दाद देत नसे. त्यातून हा मेला पडला होता नेमका त्याच्याच दाराशी. दुसऱ्या कुणाच्या दारात असता, तर त्याने एखाद्या वेळी हात सैल सोडलाही असता. पण 'तपासनिसाच्या दारात बघा कसं गुळगुळीत!' असं एकदा जरी कुणाच्या तोंडून निघालं, तर एकतीस वर्षांच्या अब्रूचं मातेरं होणार. आणि अब्रूखेरीज त्याने दुसरं काही फारसं साठवलेलंही नव्हतं.

त्या दुपारी आस्ता मेजवानीच्या तयारीला लागली. रस्त्यावर कुणाचं टेबल कुठे, हे दरवर्षी तीच आखून द्यायची, नाहीतर जागेवरून हमरीतुमरी ठरलेली. तिने खडूने नऊ चौकोन आखले. तासाभरात पाऊस आला आणि नऊच्या नऊ धुऊन गेले. आस्ताने आकाशाकडे रागाने पाहिलं, रस्ता सुकेपर्यंत वाट पाहिली आणि नवऱ्याच्या गाडीतला फवारा काढला.

शुक्रवारी एगॉन दूरच्या एका रस्त्यावर भेगा मोजत होता, तेव्हा टोळीचा मुकादम टोर्बेन याचा फोन आला.

"तुझ्या गल्लीचं आटोपलं रे. पण ते बारा जरा जास्तच होते हं! पार खडी लागली खाली."

"कसले बारा?"

"ब्रूनच्या दारातले. आणि म्हाताऱ्या ओलुफच्या दारात एक? एक सेंटिमीटर कुणी खणतं का? पण म्हटलं, एगॉनने लिहिलंय म्हणजे मोजूनच लिहिलं असणार. खरवडलं आणि वरून हात फिरवला."

"टोर्बेन, तुला चर्चच्या रस्त्यावर दोन चौकोन करायला पाठवलं होतं!"

"तेही केले. कागदावर 'स्केरूपमधलं सगळं गुलाबी' असं लिहिलंय. तुझीच सही आहे."

एगॉन घरी पोचला तेव्हा गल्लीत नऊ काळेभोर चौकोन वाफाळत होते. आस्ता पायरीवर उभी होती.

"खडू धुऊन गेला, म्हणून तुझा रंग घेतला," ती म्हणाली.

"आणि आकडे?"

"माणसं रे! ब्रूनकडे बारा जण, ओलुफ एकटाच."

"मग टोळी आली तेव्हा थांबवलं का नाहीस?"

"मी बेकरीत होते. येऊन बघते तर सगळीकडे नवं डांबर. मला वाटलं, अखेर तुला दया आली."

तेवढ्यात समोरचा ब्रून दोन्ही हात पसरून आला. "एगॉन, मानलं तुला! मेजवानीआधी सगळी गल्ली गुळगुळीत. माणसाची ओळख असावी ती अशी!"

एकतीस वर्षं एगॉन भ्यायला होता तो असल्याच बोलण्याला. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच सांगावं म्हणून त्याने लगेच नगरपालिकेतल्या आपल्या साहेबीणबाईंना, इंगेलीसेला फोन लावला.

इंगेलीसे अर्ध्या तासात आली. ती गल्लीच्या टोकापर्यंत चौकोन मोजत गेली.

"नऊ," ती तिथून ओरडली. "तेही तुझ्याच गल्लीत! पुढच्या सभेत कुणी विचारलं तर काय सांगू? तपासनिसाच्या बायकोने टेबलं मांडली म्हणून?"

"खरं तेच आहे."

"खरं आहे म्हणूनच कुणाला पटणार नाही!"

एवढं बोलून ती तावातावाने एगॉनच्या दाराकडे निघाली आणि तिचा डावा पाय पचकन पाण्यात गेला. बुटाच्या कडेने गढूळ पाणी आत शिरलं.

"हे काय आहे?"

"खड्डा," एगॉन कसाबसा म्हणाला. "साडेतीन."

"मग हा का नाही भरला?"

"यावर चौकोन नव्हता ना," आस्ता म्हणाली. "आमचं टेबल कुठे लागतं ते आम्हाला ठाऊक आहे. आखायचं कशाला?"

इंगेलीसेने बूट काढला आणि पाणी ओतलं. मग एका पायावर उभी राहून तिने गल्लीकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू मावळला.

"सगळी गल्ली चकचकीत आणि तपासनिसाच्याच दारात डबकं!" ती म्हणाली. "आता कुणाची टाप आहे बोलायची? एगॉन, हा तुझा साक्षीदार आहे. मी याचा फोटो घेऊन ठेवते. नियमात बसत नाही ना हा?"

"अजून तरी नाही."

"छान. मग बसत नाही तोवर याला कुणी हात लावायचा नाही."

मेजवानी झकास झाली. नव्या डांबरावर आठ कुटुंबांची आणि ओलुफची टेबलं ठाम उभी होती, डुगडुगत होतं ते फक्त एगॉनचं. त्याची बिअर दोनदा सांडली. ब्रून आपल्या पाहुण्यांना एकेक करून खड्डा दाखवायला आणत होता. "बघा, आमचा तपासनीस असा आहे!" एगॉनला संकोच वाटत होता आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटत होतं.

रविवारी सकाळी खुर्च्या आवरता आवरता त्याने सवयीने पट्टी उघडली आणि खड्ड्यात धरली. शुक्रवारी टोळीचा जड रोलर याच कडेवर वळला होता. पट्टीवर चार दिसत होते. त्याने चष्मा पुसला आणि दुसऱ्या बाजूने मोजलं. चाराहून जरा जास्तच.

"किती रे?" आस्ताने खिडकीतून विचारलं.

एगॉनने गल्लीकडे पाहिलं. गाडीत फवारा होता, त्यात एका चौकोनापुरता रंगही होता. त्याने पट्टी घडी करून खिशात ठेवली.

"साडेतीन," तो म्हणाला.

आस्ताला लांबचं छान दिसायचं. तिने खड्ड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या लालबुंद झालेल्या कानांकडे पाहिलं.

"साडेतीनच असणार," ती म्हणाली. "ये आत, कॉफी निवतेय."